दोन धैवत : मोझार्टच्या एका क्वार्टेटविषयी

घरात बाजाची पेटी असेल तर हा लेख वाचण्यापूर्वी ती समोर घ्यावी, अशी वाचकांना विनंती आहे. पांढरी एक हा षड्ज धरावा. मंद्र सप्तकातला सा दाबून ठेवावा. त्यावर मंद्रातलाच कोमल धैवत द्यावा, मग मध्य सप्तकातला कोमल गंधार. तीनही पट्ट्या एकदम वाजू द्याव्यात. कानाला गोड लागेल. किंचित उदास, पण गोड. आता कोमल धैवतावरचे बोट पंचमावर सरकवावे आणि त्याच क्षणी तार सप्तकातला शुद्ध धैवत दाबावा.

घरातले कोणी तरी आतून विचारील, "काय चुकलं हो?"

हा प्रश्न दोनशेहून अधिक वर्षे विचारला जात आहे. व्होल्फगांग आमाडेउस मोझार्ट याने 14 जानेवारी 1785 रोजी व्हिएन्ना येथे पूर्ण केलेल्या सी मेजरमधील स्ट्रिंग क्वार्टेटचा आरंभ साधारण असाच होतो. क्योकेलने केलेल्या मोझार्टच्या कृतींच्या यादीत याचा क्रमांक 465. लोकांनी त्याला नाव दिले 'डिसोनन्स', म्हणजे विसंवाद. नाव मोझार्टने दिलेले नाही. माझ्या मते ते नाव या कृतीवर थोडा अन्यायच करते. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. माझे कान नाट्यगीते, अभंग आणि बेळगाव-धारवाडकडच्या मैफिलींवर पोसलेले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत गोव्याच्या एका स्नेह्यांनी मला या क्वार्टेटची कॅसेट दिली. ते लहानपणी चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेले. कॅसेट देताना एवढेच म्हणाले, "पहिली दोन मिनिटं सोसा. मग बोलू." ती दोन मिनिटे मी पुढे कितीतरी वर्षे सोसतो आहे. कॅसेट केव्हाच चोळामोळा झाली. आता हे संगीत मोबाईलवर कुणालाही क्षणात ऐकता येते. पण प्रश्न तोच राहिला.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे चार तंतुवाद्यांचा मेळ : दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो. व्हायोला हा व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, घोगऱ्या गळ्याचा. चेलो खुर्चीवर बसून, पायांमध्ये धरून वाजवायचा, खर्जाचा धनी. समोर छडी घेऊन उभा राहणारा संचालक नाही. गायक नाही, ताल धरणारा नाही. चौघे अर्धवर्तुळात बसतात आणि एकमेकांकडे पाहून वाजवतात. जर्मन महाकवी गटे याने या प्रकाराला चार समंजस माणसांच्या संभाषणाची उपमा दिली होती. उपमा सुरेख आहे. पण समंजस माणसांचे संभाषण नेहमी गोडच असते असे थोडेच आहे?

या प्रकाराला प्रौढत्व दिले ते योझेफ हायडनने. 1781 मध्ये त्याने सहा क्वार्टेट लिहिली आणि ती एका नव्या पद्धतीची आहेत, असे त्याने स्वतःच कळवले. एकाने गायचे आणि तिघांनी साथ करायची, ही वाटणी तिथे मोडली. विषय एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला. साथीदाराला मध्येच बोलता येऊ लागले. मोझार्ट हायडनपेक्षा चोवीस वर्षांनी लहान. त्याने हे ऐकले आणि 1782 च्या अखेरीपासून 1785 च्या जानेवारीपर्यंत सवडीने सहा क्वार्टेट लिहून हायडनला अर्पण केली. आपले हे त्यातले सहावे. अर्पणपत्रिकेवर 1 सप्टेंबर 1785 ही तारीख आहे. तिच्यात मोझार्ट या सहा कृतींना आपली मुले म्हणतो, ती वडीलधाऱ्या मित्राच्या हाती सोपवतो, आणि ही दीर्घ व कष्टाच्या श्रमाची फळे आहेत असे सांगतो. मोझार्ट म्हणजे झरझर लिहिणारा, अशी आपली समजूत असते. या सहा क्वार्टेटची हस्तलिखिते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांत दुरुस्त्या भरपूर आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडेल.

12 फेब्रुवारी 1785 रोजी मोझार्टच्या व्हिएन्नातील बिऱ्हाडी या संचातली नवी तीन क्वार्टेट वाजवली गेली. हायडन ऐकायला होता. मोझार्टचे वडील लिओपोल्ड आदल्याच दिवशी साल्झबुर्गहून आले होते. आपल्याला ठाऊक असलेल्या संगीतकारांत तुमचा मुलगा सर्वांत थोर आहे, असे हायडनने त्यांना त्या संध्याकाळी सांगितले. ही हकिकत लिओपोल्डने मुलीला लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच पत्रात ही तीन क्वार्टेट आधीच्या तिघांपेक्षा थोडी सोपी आहेत, असाही बापाचा शेरा आहे! ज्या कृतीवरून पुढे शंभर वर्षे वाद झाला, तिच्याबद्दल हा शेरा वाचून मला नेहमी हसू येते.

बाकीच्यांना ती सोपी वाटली नाही. 1787 मध्ये एका जर्मन संगीत नियतकालिकाने या सहाही क्वार्टेटांत मसाला फार पडला आहे, अशी तक्रार केली. इटलीहून छापील प्रती चुकांनी भरलेल्या म्हणून परत आल्या, अशी एक आख्यायिका सांगतात. इटालियन संगीतकार सार्ती याने या क्वार्टेटवर कडक टीका लिहिली. गंमत अशी, की याच सार्तीच्या ऑपेरातली एक चाल मोझार्टने आपल्या 'डॉन जिओव्हानी'त प्रेमाने वापरली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात फेतिस नावाच्या बेल्जियन पंडिताने तर आरंभीच्या ओळी दुरुस्त करून दाखवल्या. हायडनच्या नावावर मात्र एक उत्तर सांगितले जाते : मोझार्टने असे लिहिले असेल, तर त्याला काही कारण असणार.

हे उत्तर भक्ताचे झाले. समीक्षकाने ते कारण शोधले पाहिजे.

प्रथम आरंभच नीट ऐकू. गती अतिशय संथ, मात्रा तीन-तीन. चेलो एकटाच हलक्या आवाजात षड्ज ठोकत राहतो. नाडीचे ठोके पडावेत तसे. (सी म्हणजे षड्ज हे आपल्या सोयीसाठी, आपल्या अर्थाने षड्ज त्यांच्याकडे नाही, हे सुज्ञ वाचक जाणतातच.) मग व्हायोला कोमल धैवतावर येतो. मग दुसरे व्हायोलिन कोमल गंधारावर. तिघे मिळून क्षणभर एक सुखद स्वरसंघ उभा राहतो आणि आपल्याला वाटते, कळले बुवा हे संगीत कुठे चालले आहे. तेवढ्यात व्हायोला कोमल धैवतावरून पंचमाकडे उतरतो न उतरतो तोच उंचावरून पहिले व्हायोलिन शुद्ध धैवत लावते. कानात अजून कोमल धैवत घुमत असतो. त्याच नावाचा, पण त्याला नाकारणारा स्वर वरून येतो, आणि खाली सरकलेल्या पंचमाशीही त्याचे घासते.

आपल्या संगीतात एका स्वराची दोन रूपे एकत्र येत नाहीत असे नाही. ललतात दोन मध्यम लागोपाठ येतात. मियाँमल्हारात दोन निषादांचा लपंडाव चालतो. तेव्हा मोझार्टचे दोन धैवत ऐकून आपण दचकू नये. तरीही आपण दचकतो, आणि इथेच मर्म आहे. ललतात दोन्ही मध्यम एकाच गळ्यातून येतात. एकच माणूस विचारपूर्वक एकातून दुसऱ्यात जातो. त्या जाण्याला एक मन असते. इथे दोन धैवत दोघांचे आहेत. व्हायोलाला वरच्या व्हायोलिनच्या मनातले ठाऊक नाही, आणि व्हायोलिनला व्हायोलाच्या.

गोव्याच्या स्नेह्यांनी मला एक युक्ती सांगितली होती, ती वाचकांना देतो. हा भाग चार वेळा ऐकावा. प्रत्येक वेळी एकाच वाद्याचा माग धरावा. पहिल्या खेपेला फक्त व्हायोला. त्याची ओळ किती साधी, पाऊल-पाऊल टाकत जाणारी आहे! तिच्यात काहीच चुकत नाही. मग दुसरे व्हायोलिन, तेही निर्दोष. मग पहिले, ते तर गात असते. शेवटी चेलो, त्याच्याकडे पुनरावृत्तीपलीकडे फारसे काही नाही. चारही साक्षीदार खरे बोलत आहेत. गुन्हा मात्र घडला आहे.

म्हणून 'विसंवाद' हे नाव मला अपुरे वाटते. आपल्या शास्त्रात विवादी स्वर असतो. तो रागाबाहेरचा, पण कुशल गायक त्याचा हलका स्पर्श करून रंग भरतो. मोझार्टच्या आरंभात असा बाहेरचा कोणीच नाही. प्रत्येक स्वर आपापल्या ओळीचा घरचा आहे. दुखते ते चौघे एकाच वेळी बोलतात म्हणून. फेतिसने दुरुस्ती केली तेव्हा त्याला एखाद्या ओळीचा स्वर पुढेमागे करावा लागला. उभे पाहिले तर ते सोयीचे झाले असेल. आडवे ऐकले तर कुणाचे तरी म्हणणे अर्ध्यावर तुटले.

फेतिसला मी फार बोल लावणार नाही. तीस वर्षे लाल शाईचे पेन हाती धरलेल्या माणसाला त्याचा मोह कळतो. एक गोष्ट सांगतो. नववीच्या वर्गातल्या एका मुलाने 'माझे घर' या निबंधात लिहिले होते : आई शेतावर गेली की घरी मी आणि तंगी. मी 'तंगी'भोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात लिहिले, 'शब्दप्रयोग चूक'. अर्धा गुण कापला. चणचण घरात माणसासारखी कशी बसेल, हा माझा मराठीच्या शिक्षकाचा तर्क! आमच्या भागातल्या वाचकांना एव्हाना हसू फुटले असेल. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. पोरगा बहिणीबद्दल सांगत होता. पुढे त्याच्या घरी जाण्याचा प्रसंग आला तेव्हा दिसले, की मराठी अर्थानेही वाक्य काही खोटे नव्हते. दोन्ही अर्थ आपापल्या ओळीत बरोबर होते. ते एकत्र वाजले, आणि मला ती चूक वाटली. ते वर्तुळ मला पुसता आले नाही. वह्या केव्हाच परत गेल्या होत्या. मोझार्टच्या आरंभाकडे मी पुन्हा वळलो तो त्यानंतर.

आता पुढचे ऐकू. चौथ्या मात्राखंडानंतर तीच घटना पुन्हा घडते, पण एक पूर्ण स्वर खालून. चेलो आता कोमल निषादावर ठोके देतो आणि वरचे दोन विरोधी स्वर दोन धैवतांऐवजी दोन पंचमांसारखे उभे राहतात. आपल्या श्रोत्याला खरा धक्का बसतो तो इथे. आपल्याकडे काहीही झाले तरी तानपुऱ्याचा सा हलत नाही; सगळे धाडस त्याच्या भरवशावर. इथे ज्याला आपण तानपुरा समजत होतो, तो आधारच खाली सरकला. पुढेही चेलो अर्ध्या-अर्ध्या स्वराने पायऱ्या उतरत राहतो आणि घर कोणते तेच कळेनासे होते. अशी बावीस मात्राखंडांची, जेमतेम दोन मिनिटांची ही वाट अखेर पंचमाच्या उंबरठ्यावर येऊन थांबते.

आणि दार उघडते. गती बदलते, सी मेजर येतो. निखळ, शुद्ध स्वरांचा. पहिले व्हायोलिन हलकेच एक चाल सुरू करते, ती वरवर चढत जाते. ही चाल एकटी ऐकली तर गोड, पण तशी सामान्य आहे. त्या काळच्या व्हिएन्नात अशा चाली शेकड्यांनी असतील. काळोखातून आल्यामुळे ती उजळते. मोझार्टने ती दणदणीत आवाजात सुरू केली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. रात्रभर आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर पहाटे खिडकी उघडणारा माणूस ती आपटून उघडत नाही.

काही जाणकारांचा आक्षेप असा, की आरंभ आणि पुढचे संगीत यांचा काही संबंध नाही. संथ भाग पुन्हा येत नाही, एवढे मोठे कोडे घालून मोझार्ट ते विसरून गेला. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. तो आरंभ जसाच्या तसा परत येत नाही. पण विसरला, हे मला मान्य नाही. आरंभी ज्यांच्यामुळे बैठक बिघडली, त्या दोन कोमल स्वरांचा माग धरा.

दुसरा भाग एफ मेजरमध्ये, संथ आणि गाता. इथे पहिले व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे सर्वांत उंच आणि सर्वांत खोल गळा, एक लहानशी आकृती एकमेकांकडे देतात-घेतात. आरंभी ज्यांची मने जुळत नव्हती, ते आता एकमेकांचे वाक्य पुरे करतात. भाग संपत आला असता ती आकृती खाली चालू राहते आणि पहिले व्हायोलिन तिच्यावर एक संपूर्ण नवी चाल गाते. उठता उठता उंबऱ्यात उभे राहून माणूस खरे बोलतो, तसे ते वाटते. या क्वार्टेटमधला हा माझ्या दृष्टीने सर्वांत हळवा क्षण.

तिसरा भाग मिन्युएट, मूळचा नृत्याचा प्रकार. त्याच्या पोटातला भाग, ज्याला ट्रिओ म्हणतात, तो सी मायनरमध्ये आहे. सी मायनर म्हणजे काय? कोमल गंधार आणि कोमल धैवत जिथे घरचे असतात, तो प्रदेश. आरंभी जे पाहुणे वादाला कारण झाले, ते इथे यजमान होऊन बसले आहेत. त्यांच्यात अस्वस्थता आहे, पण कुणी 'काय चुकलं' असे विचारत नाही.

चौथा भाग अतिशय द्रुत आणि खट्याळ. धावता धावता संगीत अचानक थबकल्यासारखे होते आणि ई फ्लॅट मेजरमध्ये शिरते. म्हणजे आरंभीचा कोमल गंधार आता स्वतःच थोडा वेळ षड्जाच्या आसनावर बसतो. पुढे हाच प्रसंग पुन्हा येतो, तेव्हा ते आसन ए फ्लॅटला, म्हणजे व्हायोलाच्या त्या पहिल्या कोमल धैवताला मिळते. ज्या स्वरावरून भांडण सुरू झाले, त्याला अखेर स्वतःची खोली मिळाली. मोझार्टने हे मोजूनमापून केले की त्याच्या हातून सहज झाले, हा वाद मी घालत नाही. पण इतक्या दुरुस्त्या करणाऱ्या माणसाच्या हस्तलिखितात हे योगायोगाने उरले असेल, असे मला वाटत नाही.

सगळेच सारख्या तोलाचे आहे असेही मी म्हणणार नाही. शेवटच्या भागात पहिले व्हायोलिन फार बोलते. त्याच्या चपळाईपुढे बाकीचे तिघे अधूनमधून साथीदार होतात आणि दुसऱ्या भागातले ते समतोल संभाषण सैल पडते. मैफिलीच्या अखेरीस टाळ्या घेणाऱ्या तानांचा मोह जगात सर्वत्र सारखाच असावा. हायडनने आपल्या उत्तम क्वार्टेटांत हा तोल अधिक सांभाळला आहे. पण हायडनच्या घरात असा काळोखही सहसा येत नाही. तो खोडी काढतो, चकवतो, मग हसतो. मोझार्ट दोन मिनिटे हसूच देत नाही.

मोझार्टला स्वतःला क्वार्टेटमध्ये व्हायोला वाजवायला आवडत असे. मायकेल केली या आयरिश गायकाने आपल्या आठवणींत व्हिएन्नातल्या एका घरगुती बैठकीचे वर्णन केले आहे. तिथे हायडन, डिटर्सडॉर्फ, मोझार्ट आणि व्हानहाल हे चार संगीतकार एकत्र वाजवायला बसले होते. मोझार्टच्या हाती व्हायोला होता. मधल्या गळ्याचे ते वाद्य. त्याला चाल क्वचित मिळते, पण दोन्ही बाजूंचे सारे ऐकू येते. या क्वार्टेटमधला पहिला कोमल धैवत मोझार्टने त्याच वाद्याकडे दिला आहे. उंचावरून येणारा, त्याला छेद देणारा शुद्ध धैवत त्याने दुसऱ्यासाठी लिहिला. वाद सुरू होतो त्या जागी तो स्वतः बसला असता तर खालच्या बाजूला बसला असता, ही कल्पना मला आवडते.

या दिवाळीत फराळ आटोपल्यावर, पाहुणे झोपल्यावर, हे क्वार्टेट एकदा जरूर ऐकावे. पूर्ण ऐकायला सुमारे अर्धा तास लागतो. आरंभ सहन झाला नाही तर पेटी काढावी, आणि आधी फक्त व्हायोलाची ओळ वाजवून पाहावी. सा धरून कोमल धैवत, मग पंचम. तेवढीच. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वरचा शुद्ध धैवत द्यायला सांगावे. आपले बोट मात्र उचलू नये.